चिखलाची डोणी

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकलं की अर्धी गोष्ट भिंतच ऐकून घेते. आज सांगतो ती आपल्या नेरूळचीच आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, रागाची आहे. राग आवरावा असं बुवा सांगतात. ज्यांच्या रागाची ही गोष्ट आहे त्या दिनानाथ मास्तरांनीही जन्मभर तेच ऐकलं होतं. तरी त्यांना तो आवरला नाही. तुम्ही ऐका, मग काय ते ठरवा.

दिनानाथ मास्तर म्हणजे इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर. वडील कोरेगावकडून येऊन वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहून म्हातारे झाले. मुलगा आयटीआय करून लेथवर उभा राहिला तो सत्तावीस वर्षं तिथेच. गळ्यात माळ, खिशात छोटी पट्टी, आणि एकादशीला मंदिरात कीर्तन असलं की टाळकऱ्यांच्या रांगेत डावीकडून तिसरे.

त्या रांगेची एक रीत आहे, ती आधी समजून घ्या. अभंगाच्या शेवटच्या चरणात करणाऱ्याचं नाव येतं. तिथे टाळ किंचित थांबतो, माणसं कपाळाला हात लावतात, मग पुढचं. एकदा नाव कमावलेला एक तरुण बुवा आला होता. गोड गळा, पण घाई. जुन्या काळच्या एका संत बाईचा अभंग घेतला आणि शेवटचा चरण गिळून थेट स्वतःच्या दृष्टांतावर उडी मारली. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी फक्त टाळ जमिनीवर ठेवले. एकाने, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. बुवाने इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या ध्यानात आलं, कानाला हात लावून त्याने तो चरण नावासकट पुन्हा म्हटला. टाळ पुन्हा हातात आले. मास्तरांना हे फार आवडलं होतं. न भांडता माणूस ताळ्यावर येतो, असं ते घरी आठ दिवस सांगत होते.

आता कॉलेजकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी तिथे नवोन्मेष आणि उद्योजकता कक्ष निघाला. मानांकनाला गुण हवे होते आणि पेटंटना गुण असतात. तळमजल्यावरची जुनी सुतारशाळा पाडून काचेची खोली केली, त्यात बसलं की माणूस आत जातो अशा गाद्या ठेवल्या, भिंतीवर इंग्रजीत ‘लवकर हरा, पुन्हा उठा’ असं काहीतरी चिकटवलं. मास्तरांचं रंधायंत्र भंगारात गेलं. कक्षाचे प्रमुख कुलदीप सर. वय चाळीसच्या आत, बोलणं मधासारखं, आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं म्हणणं संपवायची सवय. मुलं त्या गाद्यांवर बसून जेवण घरपोच करायची सातवी-आठवी ॲप शोधत होती.

दीक्षा सोनकांबळे तिथे बसायची नाही. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, घर तुर्भ्याला, आईबाप परभणीकडचे, वडील एका मॉलच्या बेसमेंटमध्ये गाड्या लावून घेतात. ती वर्कशॉपमध्येच असायची आणि तिला प्रोजेक्ट सुचत नव्हता. एके दिवशी मास्तर तिला म्हणाले, चल, तुला एक यंत्र दाखवतो, आणि तिला सारसोळ्याच्या जेट्टीवर घेऊन गेले.

तिथे मुक्ताबाई होती. साठी ओलांडलेली कोळीण. सकाळी खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि कालवं काढायची, ती विकायची, आणि एकादशीला पाटी धुऊन मंदिरात मागच्या खांबापाशी येऊन बसायची. मास्तरांची ओळख तिथली. मास्तर माळकरी, तिच्या पाटीतलं काही खात नाहीत, म्हणून ती त्यांना ‘फुकटचा गिऱ्हाईक’ म्हणायची.

खाडीचा चिखल तुम्ही पुलावरून पाहिला असेल. पाणी उतरलं की तो दिसतो, आणि पाय ठेवला की मांडीपर्यंत घेतो. तीन वर्षांपूर्वी मुक्ताबाई त्यात दीड तास अडकली, गुडघा गेला तो गेलाच. दुसरी असती तर घरी बसली असती. हिने एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणला, उभा अर्धा कापला, पुढची कड विस्तवावर धरून वर वळवली, आत जुन्या टायरचा तुकडा शिवून दुखऱ्या गुडघ्याला बैठक केली. त्या बैठकीवर एक गुडघा टेकायचा, चांगल्या पायाने मागे चिखल रेटायचा, की ते सरसर जातं. तिने त्याला नाव दिलं डोणी. आणि गावातल्या आणखी सात बायकांना तशाच डोण्या कापून दिल्या, गुडघ्याचं माप घेऊन.

दीक्षा त्या दिवशी दोन तास डोणीकडे बघत उभी होती. मग तिने वही काढली आणि पहिल्या पानावर ती डोणी उतरवून घेतली.

आठ महिने काम चाललं. दीक्षाने तळाला दोन उभ्या पट्ट्या दिल्या म्हणजे डोणी आडवी घसरणार नाही, बैठक वरखाली होईल अशी केली, ड्रमऐवजी फायबरचा साचा केला. साचा मास्तरांच्या हातचा. पहिल्या तीन डोण्या मुक्ताबाईने नापास केल्या. तिसरीला तर नुसती बोटाने टिचकी मारून म्हणाली, ‘‘पोरी, ही पान्यान चालंल, चिखलान नाय.’’ चौथी घेऊन ती गेली आणि नजरेआड होईपर्यंत वळून पाहिलं नाही. तेव्हा दीक्षा जेट्टीवर बसून रडली.

त्याच दिवशी मास्तरांनी मुक्ताबाईला विचारलं होतं, याचं उद्या काही झालं तर तुला काय हवं. पैशाचं ती बोललीच नाही. म्हणाली, ‘‘माजा नाव लिव. घर नवऱ्याच्या नावावं, आथा पोराच्या. जमीन शहरान गेली तो कागद सासऱ्याच्या नावावं. यो एक माज्या डोक्यातला हाय.’’ दीक्षाने वहीत लिहायला पेन उघडलं आणि पूर्ण नाव विचारलं. ‘‘निस्ता मुक्ताबाय लिव, सारसोल्याची. नवऱ्याचा नको, त्याचा नाव होरीवं हाय,’’ असं म्हणून ती काठाला बांधलेल्या होडीकडे बघून हसली. मास्तरांनी शब्द दिला. माळेला हात लावून दिला.

चौथ्या डोणीचा व्हिडिओ कुलदीप सरांपर्यंत गेला आणि काचेच्या खोलीत एकदम धावपळ उडाली. डोणीचं नाव झालं मड-ग्लायडर. पेटंटचा अर्ज तयार झाला. कक्षाच्या नियमाप्रमाणे त्याला वर्कशॉपचं प्रमाणपत्र लागायचं, की वस्तू इथेच, अर्जातल्या शोधकर्त्यांनीच बनवली. तो कागद सहीसाठी मास्तरांच्या टेबलावर आला. मास्तरांचं इंग्रजी लेथच्या पुस्तकापुरतं, पण नावं वाचायला किती इंग्रजी लागतं? शोधकर्ते तीन. संस्थेचे संचालक, ज्यांनी डोणी अजून पाहिली नव्हती. कुलदीप सर. आणि शेवटी दीक्षा. मुक्ताबाई सहाव्या पानावर होती, तीही नावाने नाही. ‘स्थानिक वापरकर्ती, महिला, एक.’

मास्तर कागद घेऊन काचेच्या खोलीत गेले. कुलदीप सरांनी त्यांना गादीवर बसवलं. गुडघे हनुवटीला लागलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे त्या गादीचं खरं संशोधन. सर समजावत राहिले की कल्पना काय कोणालाही सुचते, ती मोठी करणं म्हणजे इनोव्हेशन. बाईंचा मान राखूच. स्टेजवर बोलवू, शाल देऊ, छान रील करू. मास्तर एकच म्हणाले, ‘‘सर, ती वापरणारी नाही. करणारी आहे.’’

कुलदीप सरांनी खांद्यावर हात ठेवला. ‘‘मास्तर, फॉर्ममध्ये क्वालिफिकेशनचा रकाना आहे. तिथे मी काय लिहू, चिंबोऱ्या?’’ आणि खोलीतली दोन-तीन पोरं हसली.

ते हसणं मास्तरांच्या अंगात शिरलं. वडिलांना मार्केटात व्यापारी असंच हसायचे, ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. मास्तर तसेच दीक्षाकडे गेले आणि तिच्यावरच बरसले. तुझं नाव आहे ना यादीत, मग बोलत का नाहीस, शिकलीस कशाला. दीक्षाने ऐकून घेतलं. मग खाली बघून म्हणाली, ‘‘सर, प्रोजेक्टचे दोनशे मार्क त्यांच्या हातात आहेत. माझे बाबा बेसमेंटमध्ये धूर खातात. मला नापास होणं परवडत नाही.’’ मास्तरांना स्वतःची लाज वाटली, पण राग गेला नाही. फक्त तो कुठे ठेवावा ते कळेना. सही मात्र त्यांनी केली नाही. उद्या करतो, परवा करतो, असं पंधरा दिवस लोटले.

मग अनावरणाचा घाट निघाला. जेट्टीवर मंडप, दिल्लीहून पाहुण्या, चालत्या डोणीचं प्रात्यक्षिक. मुक्ताबाईला विचारलं तेव्हा तिने बोटांवर मोजून सांगितलं, अष्टमीला दुपारी बाराला. खाडीकाठी हे पोरंसोरंही जाणतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीची भरती सहाला, म्हणजे पाणी उतरलेलं बाराला, म्हणजे चिखल. पण पाहुण्यांना शनिवार मोकळा होता आणि शनिवारी पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कार्यक्रम अकराचा. मास्तर एकादशीचे मानकरी, तिथी त्यांना तोंडपाठ. त्यांनी जाऊन सांगितलं की सर, त्या वेळी तिथे पाणीच पाणी असेल, चिखल दिसणारही नाही. कुलदीप सर म्हणाले, ‘‘पंचांग बघून इनोव्हेशन होत नाही, मास्तर.’’ पुन्हा हसले. मास्तर वर्कशॉपमध्ये परत आले. सांगायचं ते सांगून झालं होतं.

शनिवार उजाडला. मंडपाला पांढरे-निळे पडदे, जमिनीवर लाल गालिचा, मधोमध फुलांचा हार घातलेली डोणी, तिच्यावर कॉलेजचं बोधचिन्ह आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’. पावणेअकराला गालिच्याचं टोक ओलं झालं. अकराला खुर्च्यांची पहिली रांग मागे घ्यावी लागली. माघाची पुनव होती ती, खाडी जेट्टीच्या काठाला टेकून फुगली होती. चिखलात चालणारी गाडी दाखवायला जमलेली शंभर माणसं पाण्याकडे बघत उभी होती, आणि बाजूला डोणीवाल्या सात बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

कुलदीप सरांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता, पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हते. पाण्यात डोणी तरंगेल, त्यावर बाई बसलेली, असा एक फोटो तरी होईल, असं त्यांनी ठरवलं. मुक्ताबाईला पुढे बोलावलं. ती म्हणाली, ‘‘यी होरी नाय. पान्यान पलटी मारंल.’’ सर म्हणाले, दोन मिनिटं, पोरं धरतात. आणि दोन पोरांनी खरंच तिच्या दंडाला हात घातला. मोडक्या गुडघ्याची, साठी ओलांडलेली बाई, खाली पौर्णिमेचं पाणी.

मास्तर कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. ते मध्ये उभे होते आणि त्यांचा आवाज मंडपभर गेला. ‘‘बाईंना हात लावायचा नाही.’’

पोरं मागे झाली. पाहुण्या शुभदा मॅडम कुठल्याशा उद्योजक संघटनेच्या होत्या, समजूतदार दिसत होत्या. त्यांनी विचारलं की मग चिखल कधी असतो? हा प्रश्न त्यांनी कक्षाकडे बघून विचारला होता. संचालकांनी कुलदीप सरांकडे पाहिलं, सरांनी मोबाईल काढला. उत्तर मुक्ताबाईने दिलं, बोटांवर मोजत, अष्टमी, पाऊणपट, बारा. मॅडमनी विचारलं, मग आजची तारीख कोणी ठरवली?

संचालकांनी पुन्हा कुलदीप सरांकडे पाहिलं. मग मागून दीक्षा म्हणाली, ‘‘मॅडम, ज्यांनी डोणी बनवली त्यांनी अष्टमीच सांगितली होती. अर्जात ज्यांची नावं आहेत त्यांनी आजची ठरवली.’’

दोनशे मार्क त्या आवाजात होते, हे मास्तरांखेरीज कोणाला कळलं असेल? त्यांना वाटलं, आता झालं. आता ह्यांना समजेल.

कुलदीप सर मोठ्याने हसले, माईक घेतला, तरुणाईचा उत्साह वगैरे बोलले, आणि म्हणाले की आता प्रमाणपत्रावर सही होऊन अर्ज रवाना होईल, आपले वर्कशॉपचे आधारस्तंभ दिनानाथ मास्तर सही करतील. टेबलावर कागद, कागदावर सोनेरी पेन. पंधरा दिवस चुकवलेली सही शंभर माणसांसमोर कशी चुकवाल, हा त्यातला डाव.

मास्तरांनी पेन उचललं. तीन नावं पुन्हा वाचली. सहावं पान उघडून बघितलं, ‘महिला, एक’. मग त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं, हात मागे घेतले आणि उभे राहिले. काही बोलले नाहीत. त्या दिवशी मंदिरात म्हाताऱ्यांनी टाळ ठेवले होते तसंच. वाट पाहत राहिले की आता हा माणूस इकडेतिकडे बघेल, कानाला हात लावेल, आणि नाव घेईल.

इथेच मास्तर चुकले. ती रीत कळायला माणूस त्या रांगेत बसलेला असावा लागतो.

कुलदीप सरांनी ते पेन उचललं आणि शेजारी उभ्या सौरभच्या हातात दिलं. सौरभ म्हणजे तीन महिन्यांपूर्वी लागलेला लेक्चरर, अजून कायम न झालेला. त्याने मान वर न करता सही केली. टाळ्या झाल्या. मुक्ताबाईला शाल घातली, तिने ती खांद्यावर राहू दिली. शुभदा मॅडम जाताना मास्तरांजवळ थांबल्या, मला मेल करा म्हणाल्या, आणि विमानाची वेळ झाली म्हणून गाडीत बसल्या. मेल केला. दोनदा केला.

सोमवारी मास्तरांची बदली स्टोअरमध्ये झाली. मोडके बाक, जुन्या खुर्च्या, एक खिडकी. त्याच दिवशी दीक्षाने लेखी दिलं की मुक्ताबाईंचं नाव नसेल तर माझंही काढा. काढलं, तासाभरात काढलं. दोनशेपैकी एकशे दोन मार्क मिळाले. अर्ज दोन नावांनी गेला. मुक्ताबाईची निळी डोणी काढलेलं वहीचं पहिलं पान जोडून तिने पेटंट कार्यालयाकडे हरकत पाठवली आहे, त्याची पोच आली, उत्तर नाही. कॉलेजच्या नव्या पुस्तिकेत डोणीचा रंगीत फोटो आहे. सगळं घडून गेलं आणि त्या काचेच्या खोलीत अजून गारवा आहे, मुलांना अजून शिकवतात की नवं काही करा, धाडस करा. ज्या मुलीने दोन्ही केलं ती तुर्भ्याहून रोज नोकरी शोधायला निघते. सांगताना माझेही दात आवळतात.

पुढची अष्टमी आली. मास्तर दुपारी स्टोअरला कुलूप लावून सारसोळ्याला गेले. पाणी उतरलं होतं, पार लांबपर्यंत राखाडी चिखल चमकत होता. मुक्ताबाई तिच्या जुन्या निळ्या ड्रमवर गुडघा टेकून निघण्याच्या तयारीत होती. इंग्रजी कागदांचं पुढे काय झालं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने मान न वळवता विचारलं, ‘‘मास्तर, लिवला का नाव?’’

मास्तर म्हणाले, नाही.

तिने पाय चिखलात रोवला. ‘‘मंग दर एकादशीला देवलान काय आयकतस?’’ एवढं म्हणून तिने रेटा दिला. डोणी सरसर गेली. तिच्या मागे सात डोण्या गेल्या.

मास्तर पाणी चढेपर्यंत तिथेच उभे होते. त्यांचा राग कुलदीप सरांवर होता, तो अजून आहे. पण त्या दिवसापासून त्यातला मोठा वाटा त्यांनी स्वतःकडे घेतला आहे. पेन खाली ठेवून गप्प उभं राहायला नको होतं, म्हणतात. मंडपात तोंड उघडून नाव घ्यायला हवं होतं. माईक तीन हातांवर होता.

आता ते एकादशीला टाळ हातात घेतात, आणि कीर्तन संपून जयजयकार होतो ना, सगळ्या संतांची नावं होतात, तेव्हा शेवटी मोठ्याने एक नाव आणखी घेतात. पहिल्यांदा लोकांनी वळून पाहिलं. मागच्या खांबापाशी बसलेली बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, बहुतेक शिवीच. आता रांगेतले दोघेतिघे त्यांच्या पाठोपाठ म्हणतात.

म्हणून तुम्हाला पुढे बोलावलं. हरकतीचा निकाल लागेल तेव्हा लागेल, कोणाच्या बाजूने ते माझ्या हातात नाही. पण कधी पुलावरून जाताना ओहोटी असली, आणि खाली चिखलात कोणी गुडघा टेकून सरसर जाताना दिसलं, तर कॉलेजचं नाव सांगू नका. मुक्ताबाई, सारसोळ्याची, असं म्हणा. नवऱ्याचं नाव नको. त्याचं नाव होडीवर आहे.